एक त्रिकोणी, उग्र वासाची लोखंडी वस्तू

गुरुदास आडेलकर हा घरजावई नव्हता. ही गोष्ट तो स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे, त्यामुळे ज्यांच्या मनात शंका नव्हती त्यांच्याही मनात ती येऊन बसे. त्याचं म्हणणं असं, की रेडीला त्याचं स्वतःचं घर आहे, घरावर कौलं आहेत, दारात माड आहेत. केवळ ओरोसच्या सरकारी कार्यालयात बदली झाली आणि मालवणजवळच्या वायरीहून एसटी सोयीची पडते, म्हणून तो सासुरवाडीला तात्पुरता राहतो. ही तात्पुरती सोय सुरू झाली तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते.

आता घरजावई नसलेल्या माणसाला सासूबाईंच्या घरात एक अडचण असते. घरात काही मोडलं की दुरुस्त करणं त्याच्याकडे येतं आणि ते दुरुस्त झालं नाही की दोषही त्याच्याकडेच येतो. २००९ च्या पावसाळ्यात मोडले ते खुद्द सासूबाईच. विहिरीपाशी शेवाळावरून पाय घसरला आणि आनंदीबाईंच्या पायाला प्लास्टर लागलं. गणपती झाले, प्लास्टर निघालं, पाय जोडला गेला. पण आनंदीबाई पायरी उतरेनात. डॉक्टरांनी मथुरेला, म्हणजे गुरुदासच्या बायकोला, बाजूला घेऊन सांगितलं होतं की म्हातारीला रोज रस्त्यानं चालवा, नाहीतर त्या अंथरूण धरतील आणि धरलेलं अंथरूण मग सुटत नाही. मथुरा तेव्हापासून रोज डोळे पुसत चुलीपुढे बसायची आणि धुराचं निमित्त सांगायची. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली होती.

गुरुदासनं कुडाळहून शिसवी मुठीची काठी आणली. आनंदीबाईंनी ती नीट निरखली, जावयांना दुवा दिला आणि खिडकीत बसून अंगणातल्या कोंबड्या हाकायला ठेवून दिली. मग चार पायांचा वॉकर आला. त्यावर परकर वाळू लागले. शेवटी मथुरेनं पाया पडून विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ह्या गावान माका सायकलीर बघलेला आसा. काठी घेवन चलताना बघूक मी देवचंय नाय."

ते खरंच होतं. आनंदीबाई या भागातल्या सरकारी नर्स होत्या. पांढऱ्या लुगड्याचा काष्टा मारून, कॅरियरला पेटी बांधून त्या सायकलवरून बाळंतपणाला जात. त्यांच्या सायकलीची घंटी वळणावर ऐकू आली, की त्या घरात चुलीवर पाणी चढे. निम्मी वायरी त्यांच्या हातात जन्मली आणि उरलेली निम्मी आपण कशी वाचलो हे सांगायला दिवाळीला फराळ घेऊन येई. अशा बाईनं काठी टेकत बाजाराला जायचं म्हणजे सोपी गोष्ट नव्हे. हे गुरुदासला पटलं, कारण अपमानाचं दुखणं त्याला आतून ठाऊक होतं.

पण त्यानं जे केलं ते मात्र कुणी करायला सांगितलं नव्हतं. तो परसात गेला. गुरांच्या मांगराला टेकून पडवळाचा वेल चढला होता आणि वेल ज्याच्यावर चढला होता ती आनंदीबाईंची सायकल होती. म्हणजे फ्रेम होती. चाकं केव्हाच गेली होती, हँडल एकटंच माळ्यावर होतं, आणि फ्रेमवर इतका गंज होता की कुठवर लोखंड आणि कुठून गंज हे सांगता येत नव्हतं. पडवळ सोडवून गुरुदासनं ती अंगणात आणली आणि खिडकीत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की ही सायकल आपण पूर्ववत चालती करणार. आनंदीबाईंनी खिडकीतून बघितलं. त्या कोंबड्या हाकायच्या विसरल्या. मथुरेनं ते टिपलं आणि नवऱ्याला त्या दिवशी सुरमईची मधली तुकडी वाढली.

मालवण किनाऱ्यावर काहीही दुरुस्त करायला काढलं, की कुंपणापलीकडून माणूस येतो. इथे भाई आले. भाई म्हणजे शेजारचे निवृत्त तांडेल. हयात होडीच्या सुकाणूवर गेलेली. जगातली प्रत्येक वस्तू ही थोड्याफार फरकानं होडीच असते असा त्यांचा सिद्धांत होता आणि घराचं छप्पर, सुनेचं शिलाईयंत्र, पंचायतीचा पंप अशा सर्व वस्तू त्यांनी त्याच पद्धतीनं दुरुस्त केल्या होत्या. पंप अजून बंद आहे. सायकलीची चाकं कुठे गेली हे विचारल्यावर त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की चाकांच्या दोन्ही कड्यांना जाळी बांधून आपण कुर्ल्या, म्हणजे खेकडे, पकडतो आणि तशा कुर्ल्या दुसऱ्या कुठल्याही कड्यात येत नाहीत. त्यामुळे चाकांचा विषय तिथेच मिटला.

गंज काढायला भाईंनी आंबट सुचवलं. गुरुदास विज्ञानाचा पदवीधर, त्यामुळे आंबट म्हणजे आम्ल हे त्याला लगेच पटलं. भाईंचं मासळीचं अर्धं कापलेलं पिंप आलं आणि मथुरा बाजारात गेलेली बघून तिचं वर्षाचं कोकमाचं आगळ त्यात ओतलं गेलं. परसातली आंबटढाण बिमलं ठेचून वर घातली. फ्रेम त्या लालभडक पाण्यात बुडली आणि मथुरा परत आली. त्यानंतर काय झालं ते सांगण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, की पुढचे कित्येक महिने त्या घरात माशाच्या जेवणानंतर सोलकढीऐवजी शांतता वाढली जाई.

फ्रेम मात्र निघाली ती चकचकीत. निघाली म्हणजे गुरुदासनं वाकून, एका झटक्यात, खिडकीतून सासूबाई बघताहेत हे लक्षात ठेवून ती बाहेर काढली आणि त्याच झटक्यात त्याच्या पाठीत उसण भरली. तो ज्या कोनात वाकला होता त्याच कोनात राहिला. भाईंनी त्याला ओटीवर आणून बसवलं, म्हणजे ठेवलं, आणि उसणीवर एकच उपाय सांगितला. आईच्या पोटातून पायांकडून जन्मलेला, म्हणजे पायाळू, माणूस गाठायचा आणि त्यानं पाठीत हलकी लाथ मारायची. वाडीत पायाळू असा एकच, गुणाजी. पण गुरुदास इथे राहायला येण्याआधीच तो पोलिसात लागला, हवालदार होऊन बदलीच्या गावीच राहिला, तेव्हापासून वाडीतल्या पाठी उघड्यावर पडल्या होत्या. गुरुदासनं वाकल्या वाकल्या ठणकावून सांगितलं, की आपण पदवीधर आहोत, वरिष्ठ लिपिक आहोत आणि कुणाची लाथ खाऊन बरे होणाऱ्यांतले नाही. त्यानं मलम चोळलं. मलमानं पाठ गरम झाली आणि वाकडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रेम पुन्हा केशरी झाली होती. खारा वारा लागला की उघड्या लोखंडाचं असंच होतं, हे भाईंनी तेव्हा सांगितलं. यावर त्यांच्याकडे अर्थात होडीचा इलाज होता: मोरीच्या काळजाचं तेल. मोरी म्हणजे छोटा शार्क. त्याचं तेल लाकडाला चोपडलं की होडी वर्षभर समुद्रात राहून कुजत नाही. मग सायकलीनं काय घोडं मारलंय? गुरुदासनं दोन दिवस, तिरका उभा राहून, फ्रेमला तेल जिरवलं. गंज खरोखर थांबला. पण वायरीतली सगळी मांजरं अंगणात आली. ती फ्रेमभोवती बसत आणि तिच्याकडे अशा नजरेनं बघत, की ती केव्हा एकदा शिजते. त्या तेलावर रंग लावला तर तो दुधावरच्या सायीसारखा सुटून आला.

वास फ्रेमलाच राहिला असता तरी चाललं असतं. तो गुरुदासला लागला. एसटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. कार्यालयात साहेबांनी आधी खिडक्या उघडायला सांगितल्या, मग शिपायाला कपाटामागे मेलेलं काही शोधायला लावलं आणि शेवटी गुरुदासला केबिनमध्ये बोलावून, नाकाला रुमाल लावून, घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत साहेबांनी पहिल्यांदा आपुलकीनं चौकशी केली होती आणि तीही अशी. गुरुदास दुखावला. त्यानं ठरवलं, की आता शेजाऱ्यांचे सल्ले पुरे. फ्रेम कुडाळला औद्योगिक वसाहतीत न्यायची आणि भट्टीतला रंग चढवायचा.

फ्रेम गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी बांधून तो एसटीत चढला. कंडक्टरनं विचारलं, हे काय? सायकल असेल तर टपावर, भंगार असेल तर खाली उतरा. गुरुदासनं नियमाला धरून सांगितलं, की चाकं नसल्यानं ही सायकल नाही आणि दुरुस्तीस नेत असल्यानं भंगारही नाही. कंडक्टरनं गाडी थांबवून यावर विचार केला. मागच्या प्रवाशांनीही आपापली मतं दिली. शेवटी वास कंडक्टरपर्यंत पोहोचला आणि त्यानं ती वस्तू मासळी म्हणून लिहिली.

ओरोसला उतरून आधी कार्यालयात मस्टरवर सही करायची आणि मग अर्ध्या रजेवर कुडाळ गाठायचं असा बेत होता. पण हा वास पुन्हा साहेबांच्या नाकाखाली नेण्याची छाती गुरुदासला झाली नाही. त्यानं गोणपाट स्टँडवरच्या बाकाखाली सरकवलं आणि सही करायला गेला. सही झाली, साहेब नव्हते, तेव्हा सहकाऱ्यांना आपल्या पाठीचा सविस्तर इतिहास सांगितला. परत आला तर स्टँडवर माणसांचं मोठं रिंगण. मुंबईवर समुद्रातून झालेल्या त्या हल्ल्याला वर्षही झालं नव्हतं. किनाऱ्यावर बेवारस पिशवी दिसली तरी लोक लांबून बघत. इथे तर सुतळीनं बांधलेलं, आत टणक, अशा आकाराचं काहीतरी होतं की त्याला आकार म्हणावा की नाही कळेना. त्यात तीन भटकी कुत्री त्याच्यासमोर बसून एकटक बघत होती. कुत्र्यांना आधी कळतं, असं एक गृहस्थ सगळ्यांना सांगत होते.

"ते माझं आहे," गुरुदास म्हणाला. रिंगण त्याच्यापासूनही मागे सरलं.

चौकीत हवालदारांनी फार सभ्यपणे त्याला खुर्ची दिली. पाठीमुळे त्याला बसता येईना, तेव्हा तो संशयास्पद दिसतो आहे अशी नोंद झाली. गोणपाट उघडलं. पंचनाम्यात काय लिहावं यावर खल होऊन शेवटी 'एक साधारण त्रिकोणी, उग्र वासाची लोखंडी वस्तू' असं लिहिलं गेलं. सायकलीची पावती मागितली. पावती चाळीस वर्षांपूर्वीची, ती वाळवीनं खाल्लेली. फ्रेमवरचा नंबर कोकमानं खाल्लेला. गुरुदासनं आपलं ओळखपत्र काढलं, आपण इथेच जवळच्या कार्यालयात वरिष्ठ लिपिक असल्याचं निदर्शनास आणलं. हवालदारांनी ओळखपत्र वाचून परत दिलं.

"साहेब, तुमची ओळख पटली. वस्तूची पटली नाही," ते शुद्ध सरकारी मराठीत म्हणाले. "मूळ मालकानं समक्ष येऊन ओळख पटवावी लागेल."

मूळ मालक घराची पायरीसुद्धा उतरत नाही, हे गुरुदासनं कळवळून सांगितलं. हवालदारांना वाईट वाटलं. पण वहीत आलेली वस्तू वहीतून बाहेर काढायची म्हणजे मालक हवाच.

रिकाम्या हातानं, तिरक्या पाठीनं आणि अंगाला वास घेऊन गुरुदास घरी आला. ओटीवर बसून त्यानं मथुरेला सगळं सांगितलं आणि शेवटी हळूच म्हणाला, की जाऊ दे, आपल्याच्यानं काही होत नाही, आपण रेडीला गेलेलं बरं. हे तो रागानं म्हणाला असता तर मथुरेनं उत्तर दिलं असतं. तो खरंच खचला होता. म्हातारीच्या डोळ्यांत त्या दिवशी जे दिसलं होतं ते आपण दाखवलं आणि आपणच घालवलं, हे त्याला लागलं होतं.

आत भांडं वाजलं. आनंदीबाई दारात उभ्या होत्या. आधार फक्त दाराच्या चौकटीचा.

"माझी सायकल चौकीत?" त्या म्हणाल्या. "मथुरा, माझा पांढरा लुगडा काड."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबुशचा टेंपो दारात आला. बाबुश फर्नांडिसचं मालवणात वेल्डिंगचं दुकान होतं आणि बापाच्या वेळेपासून या घराशी घरोबा. आनंदीबाईंनी मथुरेच्या खांद्यावर एक हात ठेवला आणि पायऱ्या उतरल्या. तिसऱ्या पायरीवर थांबल्या तेव्हा कुंपणापलीकडे भाईही श्वास धरून उभे होते. उतरल्यावर त्यांनी लुगड्याचा पदर झटकला, जणू पायऱ्यांवरच धूळ होती, आणि टेंपोत बसल्या. बाबुश ओरोसपर्यंत रस्ताभर बोलत होता आणि गुरुदास मागच्या हौद्यात, पाठीमुळे उभा, प्रत्येक खड्ड्याला मनातल्या मनात अर्ज करत होता.

चौकीत फ्रेम भिंतीला टेकवलेली होती. आनंदीबाईंनी तिच्यावरून हात फिरवला आणि हाताचा वास घेतला. जावयाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वरची दांडी ह्या बाबुशच्या बापाशीन कापून खाली जोडल्यान, माका लुगड्यार बसता येवक व्हया म्हणान. जोड पितळेचो आसा. खरवडून बघा."

हवालदारांनी चाकूनं खरवडलं. काळ्या तेलाखालून पितळ पिवळंजर्द निघालं. बाबुशनं वाकून बापाचा जोड अंगठ्यानं पुसला. हवालदार मात्र आनंदीबाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"तू खंयचो रे?" आनंदीबाईंनी विचारलं.

हवालदारांचं शुद्ध मराठी तिथेच संपलं. "वायरेचोच. गुणाजी. नर्सबाय, माका वळखूक नाय?"

"गुणाजी म्हणजे मथुरेच्या पाठसून महिन्यान झाललो तो. तुका कशी इसरतलंय? तुझे पाय आदी भायर इले, टकला मागसून. ह्याच सायकलीर बसान मी तुझ्या घराक इललंय." त्या जरा थांबल्या. "म्हणजे तू पायाळू. मगे हय उभो काय रवलंस? जावयांची उसण काड."

गुरुदासनं हरकत घेतली. त्यानं आपलं शिक्षण सांगितलं, पद सांगितलं, ही पोलीस चौकी असल्याचं लक्षात आणून दिलं. गुणाजीनंही गणवेशाची अडचण सांगितली. पण ज्या बाईनं आपल्याला पायाला धरून जगात ओढून आणलं तिच्यापुढे गणवेशाचं किती चालणार? गुणाजीनं बूट काढले, देवाचं नाव घेतलं, गुरुदासला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पाठीत एक लाथ घातली. हलकीच. नेमक्या त्याच वेळी गुरुदासचे साहेब टपाल घेऊन आलेल्या शिपायासह खिडकीवरून चालले होते.

दुपारपर्यंत सबंध कार्यालयाला कळलं, की आडेलकरांना चौकीत लाथांनी तुडवलं आणि सासूनं स्वतः उभं राहून तुडवायला लावलं. साहेबांनी मागून एवढंच विचारलं, की रजा हवी आहे का. गुरुदासला त्यावर पुष्कळ बोलायचं होतं, पण त्याच्या लक्षात आलं की आपण सरळ उभे आहोत. लाथेचा गुण की हौद्यातल्या खड्ड्यांचा, हे विज्ञानाच्या पदवीधरानं शेवटपर्यंत ठरवलं नाही.

फ्रेम कुडाळला गेली नाही. बाबुशनं ती दुकानात नेली, रॉकेलनं आणि सोड्यानं तेल उतरवलं, कुठून कुठून चाकं, ब्रेक, चेन आणली. पहिल्यांदा हँडल उलटं बसवलं, मग कबूल न करता सुलटं बसवलं. बापाच्या जोडावर मात्र त्यानं रंग लावू दिला नाही. तेवढं पितळ उघडं ठेवून वर नुसतं वार्निश मारलं. रंग भाईंच्या होडीचा उरलेला, निळा, कडेला पिवळी रेघ. आणि होडीला नाव हवंच म्हणून पुढच्या मडगार्डवर भाईंनी स्वतः 'आनंदी' असं लिहिलं.

ज्या दिवशी सायकल अंगणात उभी राहिली त्या दिवशी निम्मी वाडी जमली. भाईंनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: "बा देवा म्हाराजा, आज ही सायकल रस्त्याक लागता. तिका खड्ड्यांपासून, कुत्र्यांपासून आनी शिकलेल्या मानसांपासून सांभाळ रे म्हाराजा." सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. गुरुदासनंही म्हटलं आणि मग अर्थ लक्षात आला.

आनंदीबाई पायऱ्या उतरून आल्या. काष्टा मारलेला होता. मथुरेचा चेहरा उतरला, कारण आता आई खरंच सायकलवर बसणार आणि पुन्हा पडणार हे तिला स्पष्ट दिसू लागलं. गुरुदास मागून कॅरियर धरायला धावला. आपण म्हातारीला चालवायला निघालो आणि आता तिचा दुसरा पाय मोडणार, या विचारानं त्याला घाम फुटला.

आनंदीबाईंनी दोन्ही हातांनी हँडल धरलं. स्टँड पायानं मागे सारला. सीटकडे बघितलंसुद्धा नाही. हँडलवर भार टाकून त्या सायकलीच्या बाजूनं एक पाऊल चालल्या, मग दुसरं, मग तिसरं, आणि कुंपणाच्या बेड्यातून रस्त्यावर आल्या. पाठ ताठ होती. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, नर्सबाई आत्ताच सायकलवरून उतरल्या आहेत आणि पुढे जाऊन पुन्हा बसतील.

"ह्या चढणीर मी नेहमी उतरान चलतंय," त्या मान न वळवता म्हणाल्या.

वायरीचा रस्ता पाट्यासारखा सपाट आहे. भाईंनी ते सांगायला तोंड उघडलं. इतक्या वर्षांत गुरुदासनं भाईंना कधी अडवलं नव्हतं. त्यानं त्यांच्या तोंडावर सरळ हात ठेवला. मथुरा माडाला धरून उभी होती. या वेळी तिला धुराचं निमित्त लागलं नाही.

वळण आलं. आनंदीबाईंचा अंगठा हँडलवर काहीतरी शोधू लागला. बाबुश सगळं बसवून घंटी विसरला होता. अंगठा दोनदा फिरला, थांबला आणि त्याबरोबर त्याही थांबल्या. वळणावर घंटी न वाजवता जायचं म्हणजे काय, हे त्यांना सुचेना.

तेव्हा गुरुदास आडेलकर, विज्ञानाचा पदवीधर, सरकारी सेवेतला वरिष्ठ लिपिक, मागून पुढे आला, सायकलीच्या समोर उभा राहिला आणि तोंडानं ट्रिंग ट्रिंग करत चालू लागला. मागे माणसं होती, त्यामागे मांजरं होती. त्याला त्याचं काही वाटलं नाही.

"जावयांनू," आनंदीबाई म्हणाल्या, "वायच मोठ्यान."

त्यानं मोठ्यानं वाजवली. वळणावरच्या घरातून म्हातारी गंगू, जिची सगळी मुलं आनंदीबाईंच्या हातांत जन्मली, कपाळावर हात धरून बाहेर आली. डोळे गेलेले, कान थोडे शिल्लक.

"नर्सबाय इली काय गो? पानी ठेवू?"

"ठेव," आनंदीबाई म्हणाल्या. "चायचा ठेव."

त्यांनी सायकल जावयाच्या हातात दिली, लुगडं सावरलं आणि गंगूच्या घराच्या पायऱ्या चढू लागल्या.